वॉरंटी संपली आणि गिअरबॉक्स गेला



ह्या अंकासाठी खरे म्हणजे खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहावयाचे ठरले होते. पाचट कुजविणे, बुडखे छाटणे, पहारीने खत देणे हे सारे पुढील अंकी येईलच. परंतु गेल्या हंगामात गट कार्यालयात बसलो असता उसापेक्षा ट्रॅक्टरच्याच तक्रारी जास्त कानांवर आल्या. त्यांतही एकच गोष्ट तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. "साहेब, वॉरंटी संपली आणि आठ दिवसांत गाडी बसली." शेतकी खात्याच्या माणसाने गिअरबॉक्सवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण फडातला ऊस गव्हाणीपर्यंत येतो तो ट्रॅक्टरनेच, आणि ट्रॅक्टर बसला की टोळी बसते, तोड मागे पडते, उसाचे वजन घटते. तेव्हा हा विषय आमच्याच खात्यात मोडतो.

झाले असे की, आपल्या गटातील एका सभासदाने दसऱ्याला पन्नास अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर घेतला. नाव लिहीत नाही, त्यांचीच तशी इच्छा आहे. त्यांना आपण आबा म्हणू. वॉरंटी दोन वर्षांची, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या दसऱ्यापर्यंत. पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामात डिसेंबरच्या मध्यावर, रात्री भरल्या दोन ट्रॉल्या ओढताना, चढावर तिसऱ्या गिअरला कडकड आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली. आबांच्या मनात आले, वॉरंटीला अजून दहा महिने आहेत, काळजी नाही. सकाळी शोरूमला फोन केला. तिथल्या माणसाने मीटरचा आकडा विचारला. आकडा होता २०९०. तो म्हणाला, "आबा, तुमची वॉरंटी संपली. दोन वर्षे किंवा दोन हजार तास, जे आधी होईल ते."

हे "जे आधी होईल ते" पुस्तिकेत बारीक अक्षरात असते आणि विकताना कोणी मोठ्याने सांगत नाही. हिशेब करून पाहा. ऊस वाहतुकीला लावलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन दिवसाला सरासरी ११ तास चालू राहते असे धरा. १२० दिवसांच्या हंगामात १,३२० तास झाले. पुढे मार्च ते ऑक्टोबर नांगरट, सरी, रोटर आणि घरची कामे मिळून ३०० तास. झाले १,६२० तास. उरले ३८०. दुसरा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला तर हे ३८० तास ३५ दिवसांत, म्हणजे ५ डिसेंबरच्या सुमारास उडतात. फक्त स्वतःची शेती करणाऱ्याचा ट्रॅक्टर दोन वर्षांत हजार तासही गाठत नाही, त्याची वॉरंटी कॅलेंडरवर संपते. वाहतूकदाराची संपते मीटरवर, आणि तीही नेमकी हंगामाच्या ऐन भरात. प्रत्येक कंपनीचे तास आणि वर्षे वेगळी असतात. काही कंपन्या संपूर्ण ट्रॅक्टरला एक मुदत आणि इंजिन-गिअरबॉक्सला त्याहून मोठी मुदत देतात. तेव्हा आपली पुस्तिका काढून आकडा पाहावा आणि तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आतल्या बाजूने रंगवून ठेवावा. मी गंमत करीत नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर तो आकडा असला पाहिजे.

जाता जाता एक सांगतो. कारखान्याच्या यार्डात रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कित्येकांची इंजिने चालूच असतात. विचारले तर ड्रायव्हर म्हणतो, "बंद केली तर सेल्फ घेत नाही." म्हणजे बॅटरीच्या चार-पाच हजारांसाठी डिझेल जळते आणि वॉरंटीचे तासही जळतात. रांगेतला तास आणि चढावरचा तास मीटरला सारखाच दिसतो, निदान नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरला तरी.

आता आबांच्या ट्रॅक्टरकडे येऊ. शोरूमने नाही म्हटल्यावर आबांनी काय केले? टोळी फडात बसलेली, उचल देऊन आणलेली माणसे, मुकादमाचे फोन. आबांनी गावातल्या मिस्त्रीला बोलावले आणि त्याच दुपारी बांधावर गिअरबॉक्स खोलला. तिसऱ्या गिअरचे दात तुटले होते, एक बेअरिंग चुरा झाले होते, शाफ्टवर खोल चरे पडले होते. मिस्त्री म्हणाला, "हे माझ्याच्यानं होणार नाही, शोरूमलाच न्या." मग ट्रॅक्टर उघड्या गिअरबॉक्ससह दुसऱ्या ट्रॉलीवर चढवून शोरूमला नेला. कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने एक नजर टाकली आणि कागदावर लिहिले, "बाहेर उघडलेले आढळले." विषय संपला. एस्टिमेट आले करासह ९६ हजार रुपये. त्यात सुटे भाग ७१ हजार, गिअर ऑइल ११ हजार आणि मजुरी १४ हजार. आबांनी तालुक्याच्या गावी एकाकडून शेकडा तीन दराने पैसे घेतले. महिन्याला व्याज २,८८०. ते फिटायला दहा महिने लागले. म्हणजे ९६ हजारांची दुरुस्ती १ लाख २४ हजार ८०० रुपयांना पडली. शिवाय नऊ दिवस दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावला तो खर्च निराळाच.

हे सगळे होऊन गेल्यावर आबा माझ्याकडे आले. मी त्यांना म्हणालो, आबा, ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसिंगला गाडी गेली होती त्याचे जॉब कार्ड आणा. त्यांनी आणले. तेव्हा ड्रायव्हरने तिथल्या फिटरला तोंडी सांगितले होते की तिसऱ्याला बारीक आवाज येतो. हे आबांना पक्के आठवत होते, ड्रायव्हरलाही. कार्डावर मात्र होते "ऑइल बदलले, फिल्टर बदलले, ग्रीसिंग केले", आणि खाली आबांची सही. आवाजाचा शब्दही नाही. त्या वेळी मीटर १,६०० च्या आसपास होता. म्हणजे बिघाड वॉरंटीतच सुरू झाला होता, पण त्याचा पुरावा कोठेच नव्हता.

मी आबांना बोल लावीत नाही. माझ्या स्वतःच्या चारचाकीच्या एसीचा कॉम्प्रेसर तीन वर्षांची वॉरंटी संपल्यावर दोन महिन्यांत गेला. बिल ३१ हजार झाले. गार हवा कमी येते हे मीही आधीच्या सर्व्हिसिंगला तोंडीच सांगितले होते आणि कार्ड न वाचता सही करून चहाला गेलो होतो. घरी त्यावरून जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही.

वॉरंटी संपली म्हणजे कंपनीची जबाबदारी त्या दिवशी रात्री बारा वाजता कायमची संपते, असा समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. वॉरंटी म्हणजे मालात किंवा बनावटीत दोष निघाला तर तो भाग दुरुस्त करून अथवा बदलून देण्याचे वचन. वापराने झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बेल्ट, फिल्टर, बल्ब ह्या बहुधा तिच्यात धरलेल्या नसतात. टायर, बॅटरी, डिझेल पंप यांची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या त्या बनविणाऱ्या कंपनीची असते. आता मुदतीत दोषाची तक्रार केली असेल, ती नोंदली गेली असेल, आणि तोच दोष वाढून मुदतीनंतर मोठा बिघाड झाला असेल, तर "तक्रार मुदतीतली आहे" असे आपण ठामपणे म्हणू शकतो. तेव्हा सगळा खेळ त्या नोंदीवर आहे. नोंद नसेल तर आपण विनंती करतो, नोंद असेल तर मागणी करतो.

ह्याचे उदाहरणही आपल्याच गटात आहे. नदीकाठच्या एका सभासदाच्या मुलाने (पोरगा आयटीआय झालेला आहे) मुदत संपण्यापूर्वी हायड्रॉलिक लिफ्टची तक्रार कार्डावर लिहूनच सही केली. नांगर उचलून इंजिन बंद केले की दहा मिनिटांत खाली बसतो, असे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले, मोबाईलवर चित्रण केले आणि त्यात मीटरचा आकडाही दाखविला. शोरूमने त्या वेळी "चालतंय, बघू" म्हणून सोडून दिले. मुदत संपल्यावर दीड महिन्याने पंप पूर्ण गेला. त्याने कार्डाची प्रत काढून कंपनीच्या विभागीय कार्यालयास पत्र लिहिले. चार हेलपाटे झाले, तीन आठवडे गेले, पण सुटे भाग कंपनीने दिले. मजुरी आणि ऑइल त्याने भरले. पूर्ण जिंकला असे नाही, पण मोठा खर्च वाचला.

कंपन्यांच्या भाषेत अशा अर्ध्या मदतीला "गुडविल" म्हणतात. मुदत नुकतीच संपलेली, सर्व सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत ठिकाणी केलेले, गिऱ्हाईक चांगले, अशा वेळी कंपनी राजीखुशीने भागांचा सगळा किंवा काही खर्च सोसते. हा आपला हक्क नव्हे, म्हणून तो मागितल्याशिवाय मिळत नाही. शोरूमच्या काउंटरवरच्या माणसाला हा अधिकार नसतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. "माझी मागणी लेखी कंपनीकडे पाठवा आणि कंपनीचे उत्तर मला लेखी द्या," एवढेच शांतपणे म्हणावे. येथे फुकटची सर्व्हिसिंग संपल्यावर पैशाची सर्व्हिसिंग टाळणारे मार खातात. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला गावात ऑइल बदलले की पुस्तिकेत रिकामी जागा राहते, आणि कंपनी नेमके त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवते.

आणखी दोन गोष्टींवर बोट ठेवले जाते, त्या आपण सर्वांनी खरेपणाने कबूल केल्या पाहिजेत. एक म्हणजे डिझेल पंपाचे सील. गाडी जादा ओढावी म्हणून मिस्त्रीकडून पंप वाढवून घेण्याची खोड आपल्याकडे आहे. सील तुटलेले दिसले की इंजिनच्या वॉरंटीवर पाणी पडलेच. दुसरी म्हणजे जादा भार. दोन ट्रॉल्यांत किती टन भरले हे आपणच कारखान्याच्या काट्यावर छापून घेतो. ती पावती कंपनीच्या इंजिनिअरने मागितली तर गिअरचे दात का तुटले ह्याचे उत्तर त्याला आयते मिळते. खेप मोठी आली की यार्डात आम्हांलाही बरे वाटते, हे नाकारून चालणार नाही. पण गिअरबॉक्सचे बिल कारखाना भरत नाही, तुम्ही भरता.

आता मोठा बिघाड झालाच, आणि मुदत संपलेली आहे, तर काय करावे ते सांगतो. पहिल्या दिवशी गाडी उघडू नये. हे सर्वांत कठीण आहे हे मला ठाऊक आहे, कारण टोळी बसलेली असते. पण आबांचे नुकसान तेथेच झाले. भाड्याचा ट्रॅक्टर लावून ट्रॉल्या चालू ठेवाव्यात, आपली गाडी आहे तशी उभी करावी, आवाजाचे, गळतीचे आणि मीटरचे चित्रण करावे आणि शोरूमला लेखी कळवावे. त्यांच्या माणसाने पाहिल्यावर आणि आपल्या समक्षच उघडावी. निघालेले जुने भाग सोडू नयेत. तुटलेला गिअर, बेअरिंगचा चुरा, सगळे पोत्यात भरून घरी आणावे. उद्या तक्रार करायची झाली तर तोच पुरावा. तक्रार करायची नसली तरी जुने भाग हातात असले म्हणजे खरोखर बदलले की नाही हे कळते.

एस्टिमेट लेखी घ्यावे आणि त्यात भाग, ऑइल, मजुरी हे वेगळे लिहून घ्यावे. प्रत्येक भागाचा नंबर असावा. गिअर, शाफ्ट, क्राउन-पिनियन हे कंपनीचेच घ्यावेत, तेथे काटकसर करू नये. बेअरिंगचे तसे नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, आणि त्याच नंबरचे नावाजलेल्या कंपनीचे बेअरिंग जिल्ह्याच्या ठिकाणी बेअरिंगच्या पेढीवर मिळते. पुष्कळदा ते शोरूमच्या दरापेक्षा स्वस्त पडते. मात्र बनावट मालाचा सुळसुळाट आहे, म्हणून बिल घेतल्याशिवाय घेऊ नये. शोरूमला बाहेरचे बेअरिंग चालेल का हे आधी विचारावे, नाहीतर ते आपल्या कामाची हमी देत नाहीत. आणि ती हमी मागायलाच हवी. बदललेल्या भागाला किती महिने, केलेल्या कामाला किती महिने, हे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी हमीचे काय होते हे वर आलेच आहे.

कराची एक गोष्ट नवीन आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आणि ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स, क्लच असेंब्ली, हायड्रॉलिक पंप यांसारख्या भागांवरील कर १८ वरून ५ टक्के झाला. दुरुस्तीच्या मजुरीवर मात्र १८ टक्केच आहे. तेव्हा बिलात सरसकट १८ टक्के लावलेले दिसले तर कोणत्या भागाला कोणता दर, हे विचारावे. ७० हजारांच्या भागांवर १३ टक्क्यांचा फरक म्हणजे ९,१०० रुपये होतात.

विम्याविषयी बरेच जण विचारतात. अपघातात गिअरबॉक्स फुटला तर गोष्ट वेगळी, पण चालता चालता यांत्रिक बिघाड झाला तर वाहनाचा नेहमीचा विमा तो खर्च देत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत वगळलेलेच असतात. त्यासाठी वेगळी वाढीव वॉरंटी काही कंपन्या विकतात. ती मूळ मुदत संपण्यापूर्वीच घ्यावी लागते. मालवाहतुकीचा ट्रॅक्टर तिच्यात बसतो का आणि तासांची मर्यादा किती, हे दोन प्रश्न विचारूनच पैसे भरावेत. वर्षे वाढविली आणि तास तेच ठेवले, तर वाहतूकदाराला तिचा काडीचा उपयोग नाही.

पैसे कोठून आणावेत हा खरा प्रश्न. शेकडा तीनचे पैसे म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. तरीही आपण रात्री दहा वाजता त्याच दारात जातो, कारण ते उघडे असते. त्याआधी दोन दारे पाहावीत. २०१२ साली सुधारलेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेत कर्जमर्यादा ठरविताना पीककर्जाच्या रकमेवर २० टक्के रक्कम शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी धरण्याची तरतूद आहे. आपल्या कार्डात ती धरली आहे का, हे बँकेत जाऊन विचारावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी विचारावे, गाडी बसल्यावर नव्हे. पीककर्जाची मूळ रक्कम मात्र ट्रॅक्टरमध्ये घालू नये. मग लागणीला खत उधारीवर येते आणि टनेज पडते. हे मी शेतकी अधिकारी म्हणून वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. दुसरे दार सोनेतारणाचे. घरच्या मंडळींना ते पटवणे अवघड असते, पण व्याजाचा हिशेब कागदावर मांडला की पटते.

ह्याहून सोपी वाट मी वाहतूकदारांना सांगतो. एक ट्रॅक्टर रोज २० टनांची एक खेप आणतो असे धरले तर १२० दिवसांत २,४०० टन होतात. टनाला १५ रुपये बाजूला काढले तर एका हंगामाचे ३६ हजार, दोन हंगामांचे ७२ हजार. आबांचे ९६ हजारांचे बिल आले तेव्हा दुसऱ्या हंगामाचा दीड महिनाच झाला होता. म्हणजे पूर्ण रक्कम जमली नसती, पण निम्म्याच्या जवळपास जमली असती, आणि सावकाराकडे निम्मेच पैसे मागावे लागले असते. वाहतुकीचे बिल खात्यावर आले की त्याच दिवशी ही रक्कम बँकेच्या किंवा पोस्टाच्या वेगळ्या खात्यात टाकावी. घरातल्या डब्यात ठेवलेली रक्कम यात्रेपर्यंत टिकत नाही.

कंपनी काहीच ऐकत नसेल आणि आपली बाजू खरी असेल तर कायदा आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्या आधी १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. आता २०१९ चा कायदा लागू आहे, तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे शेतकऱ्याला आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू कायद्याच्या बाहेर आहे, आणि वाहतूक म्हणजे व्यापार असे कंपनीचा वकील म्हणणारच. पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू ह्या व्यापारी कामात मोडत नाही असे कायद्यातच म्हटले आहे. एक ट्रॅक्टर, तोही घरचाच माणूस चालवतो, त्याची बाजू ह्यात भक्कम. पाच ट्रॅक्टर आणि पाच ड्रायव्हर असणाऱ्याला हे सिद्ध करणे जड जाईल. शिवाय बनावटीतला दोष आहे हे तक्रारदारालाच दाखवावे लागते, आणि त्यासाठी जाणकार माणसाचा लेखी अभिप्राय लागतो. म्हणूनच पोत्यातले जुने भाग महत्त्वाचे. आयोगात वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो. त्यापूर्वी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळ कंपन्या तेथून पत्र गेले की हलतात.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत कामाचे. मुदतीला १०० तास उरले की एक दिवस गाडी कामातून काढावी. ड्रायव्हरला शेजारी बसवावे, कारण गाडीचे दुखणे मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असते, फक्त त्याला कोणी विचारत नाही. प्रत्येक गिअर टाकून, रिकामी आणि भरल्या ट्रॉलीसह, आवाज ऐकावा. गिअरबॉक्सच्या ऑइलचा प्लग काढून पाहावा. त्यावर लोखंडाचा बारीक भुगा थोडा असतोच, पण कपच्या किंवा किस दिसला तर आत काहीतरी खाते आहे. नांगर उचलून इंजिन बंद करावे आणि किती वेळात खाली बसतो ते घड्याळ लावून मोजावे. धूर निळसर येतो का, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये इंजिन ऑइल किती कमी होते, चाकांच्या सीलमधून गळती आहे का, स्टिअरिंगला खेळ किती, हे सर्व कागदावर लिहावे. मग तो कागद शोरूमला द्यावा. त्याचा नमुना असा:

"प्रति, व्यवस्थापक (विक्रेत्याचे नाव व गाव). विषय: वॉरंटीच्या मुदतीतील तक्रार. महोदय, मी आपल्याकडून दि. ___ रोजी ट्रॅक्टर (चेसिस क्र. ___, इंजिन क्र. ___) घेतला आहे. आज दि. ___ रोजी मीटरवर ___ तास झाले असून वॉरंटी ___ तासांस संपते. ट्रॅक्टरमध्ये पुढील दोष दिसून येत आहेत: ___. तरी आपल्या अथवा कंपनीच्या तंत्रज्ञाने तपासणी करून दोष वॉरंटीत दूर करावेत आणि केलेल्या तपासणीचा लेखी अहवाल मला द्यावा. हे दोष पुढे वाढल्यास ते मुदतीत कळविलेले आहेत असे समजावे."

दोन प्रती कराव्यात. एक द्यावी, दुसरीवर तारखेसह शिक्का घ्यावा. छापील नमुने प्रत्येक गट कार्यालयात ठेवले आहेत. चिटबॉयकडे मागितले तरी मिळतील. शोरूमने शिक्का देण्याचे टाळले तर वाद घालू नये, तेथून सरळ पोस्टात जावे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, म्हणून स्पीड पोस्टानेच पाठवावे, पोचपावती मागून घ्यावी, आणि ती पावती वॉरंटीच्या पुस्तिकेला टाचून ठेवावी.

— ऊस विकास अधिकारी